बोली आणि बाकी

सकाळचे साडेनऊ वाजलेत. पहिली घंटा होऊन गेली आहे आणि चर्चच्या दारात माणसांपेक्षा पोत्यांचीच गर्दी जास्त दिसते आहे. नेवासे तालुक्यातलं, मुळेच्या कालव्यावरचं हे गाव. नोव्हेंबरचा रविवार. बाजरी घरात येऊन पडली आहे, सोयाबीन विकून झालं आहे, कपाशीची वेचणी ऐन भरात आहे आणि कारखान्याचा हंगाम सुरू झाल्यामुळे उसाच्या ट्रॉल्या रस्ता अडवून चालल्या आहेत. आज मंडळीचा सुगीचा सण. दाराजवळच्या फळ्यावर खडूने ‘उपकारस्तुतीची उपासना’ असं लिहिलंय. पोरं मात्र सरळ ‘हार्वेस्ट’ म्हणतात.

चर्चचं मंदिर मिशनच्या काळातलं आहे. भिंती दगडी, वर पत्रा. चौकटीला दोन्ही बाजूंनी वाढ्यासकट ऊस बांधलेत. आत वेदीपुढच्या टेबलावर पांढरी चादर अंथरली होती म्हणे. आता ती कुठे दिसत नाही. लाल भोपळे, मेथीच्या जुड्या, तुरीच्या हिरव्या शेंगा, गुळाची ढेप, डाळिंबं, गावरान अंड्यांची टोपली, कुरडयांचा डबा. टेबल भरलं तसा माल खाली सतरंजीवर उतरला आहे. कांद्याच्या गोण्या, बाजरीची कणसं, फुटलेल्या बोंडांनी वाकलेली कपाशीची एक अख्खी फांदी. पाय बांधलेला कोंबडा मधूनच मान वर काढून आरवतो आणि रविवारच्या शाळेची पोरं तोंडावर हात ठेवून हसतात.

दाराशी खजिनदार खुर्ची टाकून बसलेत. मांडीवर लांबट वही. कोण काय आणतंय ते लिहून घ्यायचं काम त्यांच्याकडे आहे. रांगेत एक आजी पुढे सरकतात. अंगावर धुवट हिरवं लुगडं, हातात कापडी पिशवी आणि पितळी मापटं. त्यांना स्वतःची जमीन नाही. बाजरीच्या खुडणीला दुसऱ्याच्या रानात गेल्या होत्या आणि मजुरी धान्यात घेतली होती, हे खजिनदारांना ठाऊक आहे. म्हणून ते म्हणतात, “आजी, तुमचं नाव लिहितो. मूठभर ठेवा, पुरे.”

आजी ऐकत नाहीत. परातीत मापटं ठेवतात आणि पिशवीतली बाजरी त्यात ओततात. भरल्यावर मापटं दोनदा जमिनीवर आपटतात. धान्य खाली बसतं. तळव्याने दाबतात, वर पुन्हा ओततात. मग शीग लावायला घेतात. एकेक चिमूट वर सोडत राहतात, टोकदार ढीग उभा राहतो आणि करड्या-हिरव्या दाण्यांचा ओघळ चारी बाजूंनी परातीत घरंगळतो.

“आजी, सांडतंय.”

“सांडू दे. त्याच्या दारात सांडलं तर काय बिघडलं?”

खजिनदार वहीत लिहितात : बाजरी, एक मापटं. शीग लिहायला वहीत रकाना नाही.

मी बायकांच्या बाजूला सतरंजीवर जागा धरते. शेजारच्या काकू सरकून घेतात. “सलाम ताई. पुन्याहून का?” म्हणून विचारतात, उत्तराची वाट न बघता पदर डोक्यावर घेतात. त्यांच्या बोटांकडे माझं लक्ष जातं. नखांच्या कडा उललेल्या, बोंडाच्या सुकलेल्या टोकांनी ओरबाडलेल्या. कपाशी वेचणाऱ्या बाईचे हात असेच असतात. किलोला दहा रुपये, कुठे बारा. दिवस उगवायच्या आत रानात गेलं तर वेचणी बरी होते, हे त्या मला सांगतात. “आज बी बोलावलं व्हतं. म्हनलं, आज नाय. वर्षाचा सन हाय.”

पलीकडे पाळकीणबाई बसल्या आहेत. त्यांच्या मांडीवर कुणाचं तरी पोर झोपलंय.

पेटी सुरू होते, मागून तबला, मग टाळ. पहिलं पद नारायण वामन टिळकांचं आहे. ‘उपासना संगीता’च्या बहुतेक प्रती बांधणीतून सुटलेल्या आहेत, पण इथे पुस्तक उघडून गाणारी माणसं थोडीच. अमेरिकन मराठी मिशन १८१३ साली मुंबईत आलं आणि १८३१ साली नगरला. पण या मातीतल्या माणसाला ख्रिस्ताची स्तुती स्वतःच्या चालीत गाता यायला टिळकांसारख्यांची वाट बघावी लागली. टिळक कोकणातले, करजगावचे. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढचं बरंचसं आयुष्य याच जिल्ह्यात काढलं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’तलं राहुरी इथून जवळच आहे, आणि ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली ते नेवासंही हाकेच्या अंतरावर. टाळकरी म्हातारबुवा डोळे मिटून ध्रुपद चौथ्यांदा घेतात तेव्हा हा वारसा वेगळा सांगावा लागत नाही.

शास्त्रवाचनाला गुरुजी उभे राहतात. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातला सव्विसावा अध्याय. वचनदत्त देशात पोचल्यावर इस्राएली माणसाने पहिलं पीक टोपलीत घालून याजकापुढे न्यायचं आणि तिथे उभं राहून काय बोलायचं, ते या अध्यायात सांगितलं आहे. बोलायचं आहे ते पिकाविषयी फारसं नाहीच. आमचा पूर्वज भटका अरामी होता, मिसरात आम्ही गुलामी केली, आम्हाला छळलं गेलं, देवाने आमची हाक ऐकली, आम्हाला बाहेर काढलं, ही जमीन दिली, आणि म्हणून ही टोपली. आधी आपली गरिबी आठवायची, मग फळ पुढे ठेवायचं. आणि त्यानंतरच्या जेवणात लेवीला आणि गावात राहणाऱ्या परक्यालाही बसवायचं.

वाचून झाल्यावर गुरुजींनी खाली बसायचं असतं. ते चष्मा काढतात आणि चार वाक्यं स्वतःची बोलतात.

“माझा आजा याच गावात खळ्यावर बलुत्याला उभा राहायचा. खळं झाडल्यावर मातीसकट जे उरेल ते त्याच्या घोंगडीत पडायचं. आज मी कांद्याची गोणी आणलीय. एवढंच सांगायचं होतं.”

मंदिरात हालचाल होत नाही, पण पुरुषांच्या बाजूला बसलेली दोन-तीन म्हातारी माणसं मान हलवतात. नगर जिल्ह्यातल्या मंडळ्यांमधली पुष्कळ घराणी महार आणि मांग समाजातून आलेली. १८७६ ते ७८चा दुष्काळ आणि शतकाच्या शेवटचे लागोपाठचे दुष्काळ, या काळात अनेक कुटुंबं ख्रिस्ती झाली. त्याच काळात पंडिता रमाबाई दुष्काळी भागातून मुली घेऊन आल्या आणि केडगावचं ‘मुक्ती’ उभं राहिलं. ‘भाकरीसाठी बाटले’ हा टोमणा तेव्हापासूनचा आणि तो अजूनही कधीमधी कानावर येतो. त्याला तोंडी उत्तर देण्याची इथे पद्धत नाही. ज्यांच्या आज्याने दुसऱ्याच्या खळ्यावर हात पसरला, त्यांची नातवंडं वर्षातून एकदा डोक्यावर पोतं घेऊन देवापुढे देणारी म्हणून उभी राहतात. त्या पोत्याचं वजन काट्यावर मोजता येणार नाही.

आता उपदेश. पाळकसाहेब वयाने तरुण आहेत. मोटरसायकलवर चार गावांच्या मंडळ्या सांभाळतात, त्यामुळे बुटांवर कायम धूळ. घसा खाकरून सुरुवात करतात ती टेबलाकडे बोट करून.

“हे सगळं बघून देव खूश झाला असेल, असं वाटतंय ना? मला पण वाटतंय. पण शास्त्र जरा थांबायला सांगतं. शौल राजाची गोष्ट आठवा. अमालेकी लोकांशी लढाई झाली. देवाने सांगितलं होतं, लुटीतलं काहीच ठेवायचं नाही. शौलाने काय केलं? चांगली चांगली धष्टपुष्ट मेंढरं राखून ठेवली. शमुवेल आला, म्हणाला, ही में-में कुठली ऐकू येतेय? तर शौल म्हणतो, देवाला अर्पण करायलाच ठेवलीत की!”

हशा पिकतो. पाळकसाहेब हसत नाहीत.

“अर्पण होतं, पण ऐकणं नव्हतं. शमुवेलाने त्याला तोंडावर सांगितलं की देवाला यज्ञापेक्षा ऐकणारा माणूस हवा आहे. आता दुसरी गोष्ट घ्या. लूकच्या सतराव्या अध्यायातले दहा कुष्ठरोगी. येशू म्हणाला, जा, याजकांना दाखवा. दहाही जण निघाले. म्हणजे दहाही जणांनी ऐकलं! आणि वाटेतच बरे झाले. परत किती आले?”

“एक!” पोरं ओरडतात.

“कोण होता तो?”

“शोमरोनी!”

“म्हणजे ज्याला बाकीचे जवळ करत नव्हते तो. नऊ जणांनी आज्ञा पाळली, उपकार मानायचे विसरले. शौलाने उपकाराची मेंढरं आणली, आज्ञा विसरला. दोघांचं अर्धं अर्धं. आपल्या सणाचं काय? टेबल भरलंय, ते दिसतंय. दुसरं अर्धं टेबलावर दिसत नाही. ते गावात दिसतं, रानात दिसतं, घरात दिसतं.”

मग ते असं काही सांगतात जे मी याआधी या क्रमाने ऐकलेलं नाही. दहा आज्ञा देवाने मिसरात दिल्या नाहीत. आधी गुलामीतून सोडवलं, तांबडा समुद्र पार करवला, रानात मान्ना खाऊ घातला आणि मग सीनाय पर्वतावर आज्ञा दिल्या. “आधी आज्ञा पाळा, मग सोडवतो, असा सौदा देवाने केला नाही. आपल्यालाही आधी मिळालंय. पाणी मिळालंय, पोरं शिकलीत, पिकलंय. वधस्तंभावर जे मिळालं त्याची तर गोष्टच वेगळी. आज्ञा पाळायच्या त्या काही मिळावं म्हणून नव्हे. मिळालंय, म्हणून.”

यानंतर पाळकसाहेब थेट शेतात उतरतात. लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात कापणी कशी करायची हे लिहिलंय. शेताचे कोपरे कापू नका, खाली पडलेला सरवा वेचू नका, तो गरिबाचा आणि परक्याचा आहे. याच नियमामुळे मवाबी रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचू शकली आणि तिचं आणि तिच्या सासूचं पोट भरलं. त्याच अध्यायात, थोडं पुढे, मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवू नका असंही आहे. अनुवादात तर मुदतच घातली आहे. सूर्य मावळायच्या आत द्या, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्यात अडकलेला आहे.

“मिझोरामातल्या बाया,” ते म्हणतात, “शंभर वर्षांहून जास्त काळ रोज स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ देवाच्या कामासाठी बाजूला काढत आल्यात. रोज. सण एक दिवसाचा, चूल रोजची.” एवढं बोलून ते बसतात. उपदेश लांबवायची सवय त्यांना नाही; पुढच्या गावची उपासना दुपारी आहे.

दानार्पणाच्या थैल्या फिरतात. मग सेक्रेटरी चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन उभे राहतात. मराठी मंडळ्यांमधला मला सर्वात आवडणारा भाग हा. वर्षभरात घरोघरी जे घडलं ते दोन ओळींत आणि एका आकड्यात वाचलं जातं.

बोअरला पाणी लागलं, उपकारस्तुती, पाचशे एक. गाय सुखरूप व्याली, एकशे एक. नातीला नर्सिंगला प्रवेश मिळाला, एक हजार एक. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दिसायला लागलं, दोनशे एक. सोसायटीचं कर्ज फिटलं, पाचशे. एमआयडीसीत नोकरी लागलेल्या पोराचा पहिल्या पगाराचा दहावा हिस्सा; हा आकडा ऐकून पोराची आई पदराने तोंड झाकते. प्रत्येक चिठ्ठीनंतर मंडळी ‘आमेन’ म्हणते. काही ‘आमेन’ सवयीचे, काही मनापासूनचे.

मग एक चिठ्ठी वाचताना सेक्रेटरी अडखळतात. चष्मा नीट करतात.

“कांद्याला भाव मिळाला नाही. तरी उपकार. पन्नास रुपये.”

नाव नाही. या वेळचा ‘आमेन’ उशिरा येतो आणि मोठा येतो. जुन्या करारात हबक्कूक नावाचा संदेष्टा आहे. अंजिराला बहर नाही, वेलीला द्राक्षं नाहीत, शेतात पीक नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी देवाठायी आनंद करीन, असं तो म्हणतो. त्याचं पुस्तक तीनच अध्यायांचं आहे आणि सुगीच्या सणाला ते सहसा कोणी वाचत नाही. आज कुणीतरी पन्नास रुपयांत वाचलं.

प्रभूची प्रार्थना होते, आशीर्वाद होतो, आणि पाळकसाहेबांचा हात खाली यायच्या आत पोरं टेबलाभोवती जमतात. आता लिलाव. गुरुजींनी चष्मा खिशात ठेवला आहे आणि आवाज बदलला आहे. थोड्या वेळापूर्वी मिसराविषयी बोलणारा माणूस हाच का, असं वाटावं इतका.

“हा भोपळा! बाजारात चाळीसला मिळतो. इथं चाळीसला मिळनार नाय!”

“शंभर!”

“शंभर आले. एवढा भोपळा शंभरला? सासुरवाडीला नेला तर आठ दिवस मुक्काम करता येईल.”

“दीडशे!”

दीडशे एक, दीडशे दोन, दीडशे तीन. भोपळा जातो. मेथीची जुडी ऐंशीला जाते. एक अंडं तरुण संघ वर्गणी काढून दोनशेला घेतो आणि लगेच परत टेबलावर ठेवतो : “पुन्हा बोला!” तेच अंडं दुसऱ्यांदा दीडशेला जातं, तिसऱ्यांदा शंभरला, आणि शेवटी एका लहान मुलीच्या हातात पडतं. ती ते दोन्ही हातांनी धरून आईकडे चालत जाते. करडावरून दोन भाऊबंदांत चुरस लागते. कोंबडा मामा घेतो, भाचा म्हणतो कापायचा नाही. कुरडयांचा डबा कोणीतरी करणारीलाच घ्यायला लावतं. स्वतःच्या कुरडया तिप्पट भावाने विकत घेऊन ती घरी नेते आणि वर हसते.

आजीचं मापटं पुढे येतं. परातीत सांडलेली बाजरी गुरुजींनी पुन्हा वर शीग लावून ठेवली आहे. ते कुणाचं, हे ते सांगत नाहीत. सांगायची गरज नसते. बोली शंभरपासून सुरू होते आणि झपाट्याने वर चढते. पाचशे. सातशे. मग मागून, खांबाजवळून, पांढऱ्या शर्टातले एक बागायतदार हात वर करतात.

“अकराशे.”

पुढे कोणी जात नाही. अकराशे एक, अकराशे दोन, अकराशे तीन! टाळ्या पडतात. टाळ्या खऱ्या आहेत. मंदिरावरचा नवा पत्रा त्यांनीच घालून दिला आहे आणि दरवर्षी सणाला त्यांचा हात सैल असतो, हे माझ्या कानावर सकाळीच आलंय. आजी मान खाली घालून बसल्या आहेत. त्यांच्या मापट्याला इतकी किंमत कधी आली नसणार.

शेजारच्या काकू टाळी वाजवत नाहीत. माझ्याकडे न बघता, पाळकीणबाईंकडेही न बघता, नुसतं समोर बघत म्हणतात, “दोन हप्त्यांची आमची वेचनी राहिलीय त्याच्याकडं. चौघींची.”

आवाजात राग नाही. बाजारातून आल्यावर बाई जसा हिशेब बोलते तसा. पाळकीणबाईंच्या मांडीवरचं पोर जागं होतं. त्या त्याला त्याच्या आईकडे देतात, “भात बघून येते,” म्हणतात आणि बाजूच्या दाराने बाहेर पडतात. भाताकडे मात्र त्या जात नाहीत. चिंचेखाली पाळकसाहेब कुणाशी तरी बोलत उभे आहेत, तिकडे जातात.

प्रीतिभोजनाची पंगत मंदिराच्या मागे बसते. पत्रावळी, भात, आमटी, मटणाचा रस्सा, बुंदी. बाया वाढायला लागतात आणि मीही पाण्याचा जग उचलते. त्यामुळे चिंचेखालचं बोलणं मला ऐकू येतं. चोरून ऐकण्यासारखं त्यात काही नाही. दोघंही आवाज दाबून बोलत नाहीत.

“बोलीची पावती आज फाडत नाही मी,” पाळकसाहेब बागायतदारांना म्हणतात.

“का हो? पैसे आहेत की खिशात.”

“म्हणूनच. वेचणीवाल्या बायांचं राहिलंय म्हणे.”

बागायतदारांचा चेहरा उतरतो, पण ते नाकारत नाहीत. “कापूस घरात पडून आहे, साहेब. आज विकला तर मातीमोल जाईल. भाव आला की देतोच. त्यांना ठाऊक आहे. त्या काय म्हणत नाहीत.”

“त्या म्हणत नाहीत, खरंय. उद्या पुन्हा तुमच्याच रानात जायचंय त्यांना.”

“पण देवाचं आधी द्यावं, हे तुम्हीच शिकवता ना?”

पाळकसाहेब जरा थांबतात. मग विचारतात, “आज सकाळी शौल काय म्हणाला होता?”

बागायतदार उत्तर देत नाहीत. मानेवरून हात फिरवतात, चिंचेच्या बुंध्याकडे बघतात, आणि कसनुसं हसतात. “देवासाठीच ठेवलीत, म्हणाला होता.”

“मग?”

पुढचं मी पंगतीत पाणी वाढता वाढता बघते. उपदेशाने माणूस बदलतो की नाही याविषयी माझं मत फारसं चांगलं नाही, त्यामुळे बारकाईने बघते. बागायतदार बायकोला हाक मारतात. त्यांनी तोंड उघडायच्या आधीच तिने पर्सची चेन ओढलेली असते. यावरून घरात हा विषय पहिल्यांदा निघाला नसावा. चौघी वेचणीवाल्यांना चिंचेखाली बोलावलं जातं. खिशातले आणि पर्समधले मिळून दोघींचा हिशेब जागच्या जागी फिटतो. उरलेल्या दोघींना सोमवारी सकाळचा शब्द दिला जातो, पाळकसाहेबांच्या देखत. वेचलेल्या किलोंवरून थोडी घासाघीस होते. एकीने घरच्या कॅलेंडरवर रोजचे आकडे लिहून ठेवलेत, ते तिला पाठ आहेत, आणि तिचेच धरले जातात.

शेजारच्या काकूंना पूर्ण पैसे मिळतात. त्या नोटा दोनदा मोजतात, कमरेच्या पिशवीत सारतात आणि पंगतीत माझ्या समोर येऊन बसतात. मी विचारते, “झालं का काकू?”

“झालं. किराण्याची उधारी हाय, ती आज देते. रस्सा वाढ गं ताई, सुका भात कसा खानार?”

यापेक्षा जास्त त्या काही बोलत नाहीत.

तिकडे खजिनदार अस्वस्थ आहेत. लिलावाचे पैसे त्याच दिवशी जमा करायचा मंडळीचा रिवाज, आणि दिवसातल्या सर्वात मोठ्या बोलीचा रकाना रिकामा. ते वही घेऊन पाळकसाहेबांकडे येतात. “अकराशेचं काय लिहू?”

“बाकी लिहा.”

“वार्षिक सभेत विचारतील.”

“विचारू द्या. कशामुळे राहिली ते पण लिहा, म्हणजे विचारायची गरज पडणार नाही.”

खजिनदार लिहितात. बागायतदारांची बायको मापटं रिकामं करून आजींना परत देते आणि बाजरी पदरात बांधून घेते. बागायतदार स्वतः पंगतीत शेवटी बसतात, आणि त्यांच्या पत्रावळीवर भात वाढणारी बाई त्या चौघींपैकीच एक आहे. पाळकसाहेब न जेवताच मोटरसायकलला किक मारतात. पुढच्या गावची मंडळी वाट बघते आहे आणि तिथेही टेबल भरलेलं असणार.

या मंडळीच्या वहीत आज अकराशे रुपये येणे आहेत. ती बाकी नाताळपर्यंत थांबली तरी चालेल, पाळकांनीच तशी मुभा दिली आहे. मजुरीला शास्त्राने सूर्यास्तापलीकडे मुदत दिलेली नाही. ज्यांच्या घरी यंदा सुगी बरी झाली आहे, त्यांनी चर्चला निघताना टोपली जरूर भरावी, आणि घराबाहेर पडण्याआधी कुणाचं काय द्यायचं राहिलंय ते एकदा बघावं.